४१ किलोमीटर उंचीवर जीवाणू? परभणीच्या आकाशाशीही नातं असलेला प्रयोग समजून घ्या

हैदराबादच्या टीआयएफआर बलून केंद्रातून शास्त्रीय प्रयोगांसाठी महाकाय फुगे सोडले जातात. त्यांची उपकरणं पॅराशूटनं कुठे उतरू शकतात, त्या जिल्ह्यांच्या जाहीर यादीत परभणीचंही नाव आलेलं आहे. म्हणजे राणीसावरगावच्या शिवारातही असा डबा उतरू शकतो. पण इतक्या उंचीवर शोधतात काय? एका प्रयोगात शोध होता जीवसृष्टीचा.

प्रयोग काय होता?
२० एप्रिल २००५ रोजी २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा ४५९ किलोची उपकरणं घेऊन वर गेला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळकांड्यांत गोळा झाली. इस्रोच्या या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते डॉ. जयंत नारळीकर.

काय सापडलं?
हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये स्वतंत्र तपासणी झाली. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. २००९ मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभटाय.

मग ते अंतराळातून आले?
तसं सिद्ध झालेलं नाही, हे इस्रोनं तेव्हाच सांगितलं. हे जीवाणू अतिनील किरणं जास्त सहन करतात, हे खरं. पण वादळं, ज्वालामुखी यांच्यामुळे जमिनीवरचे जीवही वर जाऊ शकतात. आर्यभटाय तर पुढे पिकांच्या मुळांजवळच्या मातीतही सापडला.

परग्रहांवर शोध कसा घेतात?
दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर फुगा पाठवता येत नाही. दुर्बिणीतून ग्रहाच्या हवेतून आलेला प्रकाश तपासतात आणि त्यावरून वायू ओळखतात. आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, तो वनस्पती आणि सूक्ष्मजीवांमुळे. ऑक्सिजन आणि मिथेन एकमेकांना संपवतात. दोन्ही एकत्र दिसले, तर कुणीतरी ते सतत तयार करतंय, असा संशय घेता येतो. संशयच, कारण काही वायू जीवांशिवायही बनतात. १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी ग्रहाबाबत २०२५ मध्ये झालेला दावा म्हणूनच वादात आहे.

शेतात डबा दिसला तर?
उघडू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा. अशा नमुन्यांत बाहेरची हवा शिरली, तर सापडलेला जीव आकाशातला की शिवारातला, हे कुणालाच सांगता येणार नाही.