डॉक्टरांपुढे कोरी वही

दिवाळी सरली की आमच्या वडशाला झोप नसते. एकीकडे शेतांतून धान येऊ लागते, राइस मिलच्या फाटकापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते आणि काट्यावरच्या माणसाला पाणी प्यायला उसंत मिळत नाही. दुसरीकडे झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. नाटकमंडळ्यांची कार्यालये आमच्याच गावात; इथून नेपथ्याचे सामान भरून गाड्या खेडोपाडी निघतात, रात्री नाटकाचा पडदा वर जातो आणि पहाटे खाली येतो. त्या प्रेक्षकांत आमचे गिऱ्हाईकही असते, त्यामुळे होळीपर्यंत बाजारपेठेचे घड्याळ काही वेगळेच चालते.

चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका मोसमात माझ्या थोरल्या बंधूंच्या छातीत दुखले. घरात लहानथोर सारे त्यांना भाईजी म्हणतात. वय अठ्ठावन्न, आठ वर्षांपासून मधुमेह. दुपारी काट्याजवळ उभे असताना त्यांना छातीवर कट्टा ठेवल्यासारखे जड वाटले, जबडा ओढल्यासारखा झाला. ते खुर्चीवर बसले, जिऱ्याचे पाणी मागवले, पित्ताची गोळी घेतली आणि म्हणाले, “सकाळपासून रिकाम्या पोटी चहा झाला, त्याचेच हे.” उरलेले ट्रॅक्टर मोजून होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. सूर्यास्तापूर्वी घरी आले आणि दोन घास खिचडी खाल्ली. पाठीवरचा सदरा घामाने चिंब झालेला भाभीजींनी पाहिला. नोव्हेंबरच्या संध्याकाळी एवढा घाम कशाचा, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. उत्तराची वाट न पाहता त्यांनी मला हाक मारली.

वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही ब्रह्मपुरीला पोहोचलो. जिल्हा बदलतो, पण वडशाच्या माणसाला दुखले-खुपले की पाय तिकडेच वळतात. तेथील तरुण डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. त्याचा फोटो मोबाइलवरून नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेला आणि काही मिनिटांत उत्तर आले. हृदयविकाराचा झटकाच होता.

यानंतर जे घडले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांनी भाईजींना काही प्रश्न विचारले. दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले? याआधी चालताना, जिना चढताना असे कधी झाले होते का? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? साखर शेवटची केव्हा तपासली? मागील काही महिन्यांत शस्त्रक्रिया, पोटातला रक्तस्राव, पक्षाघाताचा झटका, असे काही? हे प्रश्न रीत म्हणून विचारले जात नाहीत. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत ते इंजेक्शन जितका गुण देते, तितका नंतर देत नाही. आणि शरीरात कुठे रक्तस्रावाचा धोका असेल तर तेच औषध जिवावर बेतू शकते.

भाईजींना यातील एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही. “दुपारी केव्हातरी.” “एक पांढरी गोळी आहे, एक पिवळी.” “साखर ठीकच असते.” ज्या माणसाला सातव्या ट्रॅक्टरचे वजन किलोपर्यंत तोंडपाठ, तीन वर्षांपूर्वीच्या उधारीचा आकडा वही न उघडता सांगता येतो, त्याच्या देहाच्या खात्यावर एक ओळही लिहिलेली नव्हती. मीही शेजारी उभा होतो. मलाही काही माहीत नव्हते, ही लाज मी लपवणार नाही.

अडचण सोडवली ती मुनीमजींनी. फोनवर ते म्हणाले, “भाईजी खुर्चीवर बसले तेव्हा काट्यावर जो ट्रॅक्टर होता, त्याची पावती माझ्यासमोर आहे. बारा वाजून दहा मिनिटे.” दुकानाच्या हिशोबातून देहाचा हिशोब काढावा लागला! डॉक्टरांनी ती वेळ कागदावर लिहिली, इंजेक्शन दिले आणि रात्रीच रुग्णवाहिकेतून आम्ही नागपूरला निघालो. भाईजी वाचले. हृदयाचा काही भाग मात्र कायमचा दुबळा झाला. त्या दुपारचे ते पाच-सहा तास कुठल्याही पावतीने परत मिळणारे नव्हते.

तेव्हापासून मी आपल्या लोकांचे डॉक्टरांकडे जाणे जरा निरखून पाहू लागलो. आपण जातो तेच मुळी उरलेल्या वेळात. बाहेर गाडी चालू ठेवलेली, हातात फोन, आत गेल्यावरही दलालाशी बोलणे सुरू. रक्तदाबाचा पट्टा दंडावर बांधला जात असताना भाव विचारणारे व्यापारी मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांत पूर्वी मीही होतो. बोलत असताना मोजलेला रक्तदाब वाढलेला दिसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या पातळीला असावा, अर्धा तास आधी चहा नसावा. मगच त्या आकड्याला काही अर्थ राहतो. घरोघरी आता बटण दाबून चालणारी यंत्रे आहेत. पण त्या पाच मिनिटांची शांतता यंत्रासोबत खोक्यात येत नाही.

डॉक्टरांजवळही वेळ कमीच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की जगाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तेथे प्राथमिक उपचाराचा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी ५ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ देतो. बांगलादेशात तर ४८ सेकंद. स्वीडनमध्ये मात्र २२ मिनिटांहून अधिक. आपला देशही त्या कमी वेळाच्या यादीतच आहे. वाट्याला दोन-चार मिनिटेच येणार असतील आणि त्यांतील एक फोनवर व दुसरे ‘पांढरी गोळी, पिवळी गोळी’ यात जात असेल, तर डॉक्टरांना दोष देऊन काय उपयोग?

१८१६ साली पॅरिसमधील लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावून ऐकणे अवघड वाटले, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. स्टेथोस्कोपचा जन्म तो असा झाला. वैद्यकातले ते एक आद्य यंत्र संकोचातून निर्माण झाले. पण त्याने डॉक्टरला रुग्णाचे अधिक चांगले ऐकू येऊ लागले. आजच्या यंत्रांकडे मी याच मापाने पाहतो. ईसीजीचा फोटो क्षणात नागपूरला पोहोचला, त्याने भाईजींचा जीव वाचवला. आमच्या लहानपणी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे तर नागभीडला उतरून छोट्या गाडीत बसावे लागे. २०१९ पर्यंत धावणारी ती अरुंद रुळांची गाडी उमरेडमार्गे डुलत डुलत जात असे आणि रुग्णाबरोबर सोबत्याचाही अंत पाहत असे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा करोनाचीही साथ होती. घरच्या वृद्धांसाठी फोनवरून घेतलेला सल्ला हाच आमचा आधार होता. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा आज दुर्गम गावातल्या उपकेंद्रातूनही तज्ज्ञांशी गाठ घालून देते. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढला तर आपले अहवाल एका ठिकाणी राहू शकतात. या सोयींना नाके मुरडणे हा करंटेपणा ठरेल. मात्र अहवाल जपून ठेवणे आणि दुखण्याची नोंद ठेवणे यांत फरक आहे. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी काय झाले, हे कोणताही क्रमांक स्वतःहून लिहून ठेवत नाही.

नोंदीचे महत्त्व ज्यांनी सिद्ध केले, ती माणसे आपल्याच जिल्ह्यातील आहेत, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. ती बाई बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचे वजन करी, ताप पाही, श्वास मोजी आणि ते सारे लिहून ठेवी. धोक्याची खूण दिसताच शिकवलेला उपचार करी. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने वाचले. मोठे रुग्णालय नव्हते, महागडे यंत्र नव्हते. वजनकाटा, घड्याळ, थोडी औषधे आणि वही होती. काटा, घड्याळ आणि वही तर आपल्या प्रत्येक दुकानात असते!

याच डॉ. अभय बंग यांना चाळिशीच्या मध्यात हृदयविकार झाला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक अनेक मराठी घरांत आहे. भाईजींच्या उशाशीही ते नागपूरच्या मुक्कामात होते. ते वाचून झाल्यावर भाईजी म्हणाले होते, “इतरांना आरोग्य शिकवणाऱ्या डॉक्टरला स्वतःकडे पाहायला वेळ मिळाला नाही, मग आपले काय घेऊन बसलास?” मला मात्र त्या वाक्यात पळवाट दिसली आणि मी तसे बोलूनही दाखवले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

कामाचा दिवस कुठे संपतो, हा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांना बहुधा पडलाच नसेल. बाबूजी चौविहार पाळत. सूर्यास्तापूर्वी भोजन म्हणजे सूर्यास्तापूर्वी घर. हिवाळ्यात साडेपाचच्या आतच ते दुकान मुनीमजींवर सोपवून निघत, सर्वांसोबत पाटावर बसून जेवत. नंतर दुकानात परत गेले तरी दिवसाच्या मधोमध एक रेघ ओढली गेलेली असे. चौविहार आम्हीही पाळतो. फरक इतकाच की डबा दुकानात येतो, काट्याजवळ उभ्याने चार घास पोटात ढकलले जातात आणि नियम पाळल्याचे समाधान मिळते. पूर्वी शटर खाली आले की दुकान बंद होई. आता ते खिशात बसून घरी येते, रात्री अकराला रक्कम जमा झाल्याचा आवाज देते आणि आपण अंथरुणातून उठून पाहतो. भाभीजींचे ४८ मिनिटांचे सामायिक चालू असताना त्यांच्या खोलीत फोन नेण्याची आजही कोणाची छाती नाही. घरात तेवढीच एक जागा शिल्लक राहिली आहे.

आपल्या आचारधर्माचा विषय निघालाच आहे, तर डॉक्टरांपासून आपण जे लपवतो तेही सांगतो. पर्युषणात अठ्ठम किंवा अठाई करणारा मधुमेही पुष्कळदा डॉक्टरांना काही कळवत नाही. ते नको म्हणतील ही भीती असते. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसताना घेतल्या तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. उलट, स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद केले तर तेही घातक. भाईजींनी झटक्याच्या आधीच्या पर्युषणात गोळ्या बंद केल्या होत्या आणि नंतर दोन महिने त्या सुरू करायचे राहूनच गेले, हे आम्हाला नागपुरात कळले. रात्री पाणीही न घेणाऱ्याने हे आधी सांगितले तर डॉक्टर बहुतेक वेळा औषधाची वेळ सकाळी वा सूर्यास्तापूर्वी बसवून देऊ शकतात. बऱ्याच कॅप्सूलचे आवरण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते; त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मिळेल का, हे विचारण्यात संकोच कसला? मनातल्या मनात शंका धरून औषधच न घेणारे मात्र मी पाहिले आहेत.

आता आमच्या गल्ल्यावर लाल कापडी बांधणीची एक लहान वही असते. दिवाळीला चोपडीपूजन झाले तेव्हा ती मीच आणली आणि मोठ्या वह्यांशेजारी ठेवली. तारीख, वेळ, रक्तदाब, साखर, काही दुखले-खुपले असल्यास ते, आणि गोळ्यांची नावे, पांढरी-पिवळी नव्हे. भाईजींनी आधी कुरकुर केली, मग अक्षर माझे वाईट म्हणून वही स्वतःच्या ताब्यात घेतली. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी आम्ही दोघे ब्रह्मपुरीला जातो. फोन गाडीच्या खणात राहतो. पहिल्या दोन खेपांना पुलावरच परत फिरावेसे वाटले होते, हे कबूल करतो.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी वही घेतली, पाने उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले. “शेठजी, सगळा महिना आकडे बरे आहेत. या तारखेला रक्तदाब एकदम एवढा का चढला? काही त्रास झाला होता?”

भाईजींनी चष्मा सावरून तारीख पाहिली.

“त्रास नाही, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले, “त्या दिवशी धानाचा भाव पडला होता.”

डॉक्टरांनी तेही वहीत लिहून घेतले.