ओली मिरची माफ, वाळली की कर

प्राप्तिकर रद्द करा आणि देशभर एकच विक्रीकर लावा, ही मागणी अधूनमधून उसळी घेते. अमेरिकी संसदेत १९९९पासून तिचं विधेयक पुनःपुन्हा मांडलं गेलं. आपल्याकडे अनिल बोकिलांच्या ‘अर्थक्रांती’ने बँक व्यवहारांवरच्या एकाच कराची कल्पना मांडली. नंदुरबारकडे मागे वळून पाहिलं तर वाटतं, इथल्या बहुतेक घरांनी हा प्रयोग केव्हाच जगून पाहिलाय. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकराबाहेर, मजुरी मर्यादेच्या कितीतरी खाली. कर भरायचा तो दुकानातच.

मुंबई प्रांतात विक्रीकर आला १ ऑक्टोबर १९४६ला, नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. पुढे १९५९चा कायदा, २००५ला व्हॅट आणि १ जुलै २०१७ला जीएसटी. योगायोग असा, की १ जुलै हा जिल्ह्याचाही वाढदिवस. धुळ्यापासून तो १९९८ला वेगळा झाला. मिरचीच्या व्यापाऱ्यांना नवा कर लवकर उमगला. बाजार समितीत येते ती ओली लाल मिरची, भाजी म्हणून करमाफ. तीच पथारीवर वाळवून विकली की ५ टक्के. जिल्ह्यातल्या नवापूरला मात्र ‘एक देश, एक कर’ अर्धाच पोचला. तिथलं रेल्वेस्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पेट्रोल जीएसटीबाहेर, त्यामुळे त्याचा भाव राज्याची हद्द ओलांडली की आजही बदलतो.

प्राप्तिकराच्या विरोधकांना मला सांगावंसं वाटतं ते १९७५चं. त्या वर्षी महाराष्ट्राने नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांची ही योजना. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या हातात जावा, हा तिचा सरळ हिशेब होता. इथल्या अक्राणी-अक्कलकुव्यासारख्या तालुक्यांना असला कर पोसतो. विक्रीकरात तो हिशेब उलटतो: गरीब घराची बहुतेक कमाई खरेदीतच जाते, म्हणून कमाईच्या मानाने त्याच्यावर भार जास्त.

हा आक्षेप अमेरिकी विधेयकालाही ठाऊक आहे. म्हणून त्यात प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परतावा ठेवलाय. तसा परतावा आपल्याकडे द्यायचा तर आधारशिवाय भागणार नाही, आणि देशातली पहिली आधारकार्डं वाटली गेली ती याच जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०ला. पण ओळख पटवणं वेगळं आणि दरमहा पैसे पोचवणं वेगळं. डोंगरातल्या पाड्यावरून बँक गाठायलाच दिवस मोडतो.

२०२५ने दोन्ही करांत सूट दिली. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न नव्या प्रणालीत करमुक्त झालं, त्याची चर्चा महिनाभर चालली. सप्टेंबरमध्ये साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८वरून ५ टक्क्यांवर आलं. अक्राणीतल्या धडगावच्या बाजारात बहुतेकांच्या कामाची होती ती ही दुसरी सूट.