हेलसिंकी ते टोकियो किती लांब?

मंडळी, आजचा प्रश्न शाळकरी वाटेल. फिनलंडच्या हेलसिंकी विमानतळापासून जपानचं टोकियो किती लांब आहे? इंटरनेटवर विचारलंत तर उत्तर मिळतं, सुमारे ७,८०० किलोमीटर. हा आकडा आपण जरा तपासून पाहू.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ रशिया ओलांडून कझाकस्तान, मंगोलिया, चीन अशी खाली उतरते. आता घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा वर सरकतो आणि सैबेरियाच्या पार उत्तरेकडून जातो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच, आणि ७,८०० हा आकडा या दोऱ्याचा. या वाटेनं विमान साधारण साडेनऊ तासांत टोकियोला पोचत असे. (घड्याळ वेगळंच सांगतं. हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत सात तासांचा फरक असतो. पण तो हिशेब सोपा आहे, तुम्हीच करा.)

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. युरोपीय संघानं रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानं उलट तेच केलं. फिनलंडचं विमान आता एकतर उत्तर ध्रुवाकडून अलास्काच्या बाजूनं वळसा घेतं, नाहीतर दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जातं. वेळ लागतो सुमारे तेरा तास. दोऱ्याची लांबी तेवढीच राहिली; प्रवास साडेतीन तासांनी वाढला. ते इंधन, ते भाडं कुणीतरी भरतंच.

गंमत म्हणजे १९८३ मध्ये फिनएअरनं हेलसिंकी–टोकियो थेट सेवा सुरू केली, तीही ध्रुवाकडूनच, आणि तेव्हाही तेराएक तासच लागत. त्या काळी युरोपातून जपानला निघालेली पुष्कळ विमानं इंधनासाठी अलास्कात अँकरेजला उतरत, कारण सोव्हिएत आकाशातून जाण्याची मोकळीक नव्हती. चाळीस वर्षांत विमानं सुधारली, तास मात्र फिरून तिथंच आले.

याचं मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सत्ता, हे त्याचं पहिलंच कलम.

आता थोडं तत्त्वज्ञान. न्यूटनच्या मते अवकाश वस्तूंवाचूनही असतं. लायब्निट्झच्या मते ते वस्तूंच्या परस्परसंबंधांची व्यवस्था आहे. लायब्निट्झच्या मनात राष्ट्रांचे तंटे नव्हते, हे कबूल. पण आपणही ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो तेव्हा मीटर मोजत नाही. हाक मारणारा आणि ऐकणारा यांच्यातलं नातं मोजतो. प्रवाशाचं अंतर या जातीचं असतं.

पटत नसेल तर लंडन–बीजिंग घ्या. चिनी कंपन्यांना रशियाची बंदी नाही, त्यांची विमानं जुन्याच वाटेनं जातात. ब्रिटिश विमानाला मात्र तिकडून जाता येत नाही. शहरं तीच, दोरा तोच. बीजिंग किती तास लांब, हे विमान कुठल्या देशात नोंदलेलं आहे त्यावर ठरतं.