यकृताच्या कर्करोगावर नॅनो औषधांचा लक्ष्यवेध अद्याप अपुराच

कर्करोगाचे औषध शिरेतून दिले की ते रक्ताबरोबर सर्व शरीरात पसरते. यकृताच्या गाठींवर वापरल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाच्या स्नायूंनाही इजा होते. त्यामुळे त्याची मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही. हेच औषध मीटरच्या अब्जांश भागांत मोजल्या जाणाऱ्या कणांत भरून केवळ गाठीपर्यंत नेता येईल काय, या प्रश्नाचा शोध गेली सुमारे चार दशके सुरू आहे. २०२२ मध्ये यकृताच्या कर्करोगाने जगात साडेसात लाखांहून अधिक रुग्ण दगावले, हे लक्षात घेता या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट होते.

या संशोधनाचा पाया जपानमध्ये घातला गेला. गाठीतील नव्या रक्तवाहिन्या घाईने वाढत असल्याने त्यांच्या भिंतींत फटी राहतात. मोठे रेणू त्यांतून झिरपून गाठीत अडकतात, असे यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावरील 'स्मॅन्क्स' या औषधाला जपानने १९९३ मध्ये यकृताच्या कर्करोगासाठी मान्यता दिली.

मात्र यकृताची अडचण वेगळीच आहे. रक्तातील परके कण टिपणे हेच या अवयवातील कुप्फर पेशींचे काम असल्याने नॅनोकण यकृतात सहज पोहोचतात, पण पोहोचतात ते बहुधा निरोगी भागात! यकृतपेशींवरील ग्राहकांना चिकटावी म्हणून गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा जोडलेल्या डॉक्सोरुबिसिनची ब्रिटनमध्ये रुग्णांवर चाचणी झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार औषध यकृतात पोहोचले खरे, परंतु गाठीपेक्षा निरोगी ऊतींतच ते अधिक साठले. कर्कपेशी जसजशा मूळ रूपापासून दूर जातात, तसतसे त्यांच्यावरील हे ग्राहकही घटत जातात.

पुढील मोठ्या चाचण्यांनीही निराशाच केली. उष्णतेने औषध मोकळे करणारे 'थर्मोडॉक्स' २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अपयशी ठरले. 'लिव्हाटॅग' या नॅनोकणांनी रुग्णांचे आयुष्य वाढत नसल्याचे २०१७ मध्ये आढळले. टोरांटो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दशकभरातील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला असता टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक (मीडियन) मूल्यानुसार जेमतेम ०.७ टक्के भागच गाठीत पोहोचत असल्याचे दिसले. प्रयोगशाळेतील उंदीर बरे झाल्याच्या बातम्या वाचताना हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

तूर्त रुग्णालयांत रूढ असलेली पद्धत तुलनेने साधी आहे. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तर गाठ प्रामुख्याने यकृताच्या धमनीवर पोसली जाते. म्हणून मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेऊन औषध थेट सोडतात आणि गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. त्यासाठी कधीकधी औषध भारलेले सूक्ष्म मणीही वापरले जातात. ते मात्र नॅनोकणांपेक्षा हजार पटींहून मोठे असतात.