सुपारी ठरली, पण उरलं किती?

जत्रेत तमाशा बघताना आपल्याला नाच, वग आणि रोषणाई दिसते. फडमालकाची हिशेबाची वही दिसत नाही. आज आम्ही त्या वहीबद्दल बोलणार आहोत.

फडाची कमाई दोन तऱ्हेची. तंबू ठोकून तिकीट लावलं, तर गर्दीचा नफा फडाचा आणि पावसाचा तोटाही फडाचाच. सुपारी घेतली, तर रक्कम आधीच ठरते. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची माणसं तिथं येऊन तारीख ठरवतात, इसार देतात.

पण सुपारी म्हणजे नफा नव्हे. त्यातून कलाकारांचे पगार, गाड्यांचं डिझेल, जेवणखाण, जनरेटर जातो. फड दसऱ्याला निघतो आणि वैशाखात थांबतो. पावसाळ्यात कमाई बंद. मग कलाकार मालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून कर्ज काढतो. पुढच्या हंगामाची कमाई व्याजात जाते. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या, त्याही पैशांच्या ओढाताणीतच.

चंदगडात आपला गट जत्रेच्या जेवणाची ऑर्डर घेतो, तेव्हाही हेच लागू होतं. म्हणून आम्ही तीन गोष्टी सांगतो. इसार घेऊन तारीख आणि रक्कम कागदावर लिहा. खर्च त्याच रात्री वहीत मांडा. आणि प्रत्येक ऑर्डरमधला थोडा हिस्सा पावसाळ्यासाठी गटाच्या खात्यात टाका. चूल बारा महिने पेटवायची असते.