बडनेऱ्याची कंटेनर गाडी आणि समुद्राची खोली

बडनेऱ्यावरून जाणारी कंटेनर गाडी कधी मोजलीये? साधारण ४५ वॅगन, प्रत्येकीवर २० फुटी दोन कंटेनर, म्हणजे ९० टीईयू. टीईयू हे कंटेनर मोजायचं माप: २० फुटी एक कंटेनर म्हणजे एक टीईयू, ४० फुटी म्हणजे दोन.

नागपूरकडून या मार्गानं माल जातो न्हावा-शेवाच्या जेएनपीए बंदरात. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरानं २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. जगात पहिलं असलेलं शांघाय २०२४ मध्ये ५ कोटींच्या पुढे गेलं, दुसरं सिंगापूर ४ कोटींच्या.

शांघायमागे चीनचे कारखाने आहेत. सिंगापूरला मात्र बहुतेक माल फक्त जहाज बदलतो. यालाच ट्रान्सशिपमेंट म्हणतात. आपलाही काही माल कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलतो. एक मोठं कारण म्हणजे खोली. २४,००० टीईयूच्या जहाजात बडनेऱ्याच्या २६६ गाड्या मावतील! पूर्ण भरलं की ते पाण्याखाली सुमारे १६ मीटर जातं. न्हावा-शेवाचा मार्ग १५ मीटरचा. जहाज बदललं की दिवस आणि भाडं दोन्ही वाढतं, आणि वऱ्हाडातून सूत पाठवणाऱ्याचा नफा तेवढा घटतो.

म्हणून पालघरजवळ वाढवण बंदर होतंय. २०२४ मध्ये मंजुरी, खर्च ७६,२२० कोटी रुपये, क्षमता वर्षाला २.३२ कोटी टीईयू, नैसर्गिक खोली सुमारे २० मीटर. पण त्यासाठी समुद्रात मोठा भराव पडणार. तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्यालाच आहे, कारण मासेमारीची जागा जाते. आपलं भाडं वाचेल, पण त्यांच्या जाळ्यांचं काय, हा हिशेब टीईयूत बसत नाही.