रक्त तपासणीनंतर हात काळानिळा पडला तर



रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात आणि या पत्रकात आपण नेहमी रोपं, खतं, कीड यांबद्दल बोलतो. आज विषय आहे आपल्याच हाताचा. दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढताना शीर सापडली नाही, दोन-तीनदा सुई टोचावी लागली आणि दुसऱ्या दिवशी कोपराच्या खोबणीत काळानिळा डाग उठला, हात ठणकू लागला, असा अनुभव पुष्कळांना येतो. तो डाग पाहून माणूस घाबरतो आणि पुन्हा रक्त द्यायला जातच नाही. डागापेक्षा हे न जाणं जास्त घातक आहे. कसं, ते पाहू.

पावसाळ्यातला ताप आणि दुसरी तपासणी

पवई म्हटलं की आज उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. पण तलावाच्या पलीकडे, आरेच्या बाजूला, आदिवासी पाडे आहेत आणि म्हशींचे तबेलेही आहेत. पाड्यांवरची माणसं पावसाळ्यात अजून भाजीपाला आणि थोडंफार भात करतात. पवई आणि विहार या तलावांचं सांडव्याचं पाणी मिठी नदीत जातं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, मिठीला पूर आला, आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात येतात, आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. त्यामुळे हा आजार शहरातल्या पुराचा आहे तसाच भाताच्या खाचराचाही आहे. चिखलणी आणि लावणी करणाऱ्या प्रत्येकाने तो ओळखून असावं. एकाएकी जोराचा ताप, पोटऱ्या आणि कंबर दुखणं, डोळे लाल होणं ही त्याची लक्षणं. अंगावर काढलं तर कावीळ होते, मूत्रपिंडं बिघडतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. ताप आल्यावर पहिले चार-पाच दिवस लेप्टोची नेहमीची रक्त तपासणी चुकवू शकते. ही तपासणी रोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून पहिला अहवाल निर्दोष आला तरी डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त मागतात. शिवाय मूत्रपिंड, यकृत आणि रक्तातल्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट, यांवर लक्ष ठेवायला मध्येही रक्त काढावं लागतं. औषध सुरू करायला डॉक्टर सहसा अहवालाची वाट पाहत नाहीत. पण औषध लागू पडतंय की नाही ते रक्तच सांगतं.

मागच्या पावसाळ्यात मी पाड्यांवर भाजीच्या रोपांची पाहणी करत दोन दिवस चिखलात फिरलो. आठवड्याने ताप आला. दवाखान्यात शीर सापडेना. तिसऱ्या टोचणीला रक्त आलं. मी कोपर दुमडून धरला, तसाच बाहेर पडलो आणि संध्याकाळी बियाण्याच्या पिशव्या उचलल्या. सकाळी हात वांग्यासारखा जांभळा! तसाच ताप आलेले एक शेतकरी काका माझ्याबरोबर होते. त्यांचाही हात काळा पडला. दुसऱ्या तपासणीची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, रक्त काढून हात मेला, आता नको." मीही टाळाटाळ केली, पण अखेर गेलो. काका गेले नाहीत. चार दिवसांनी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तेव्हा त्यांना इस्पितळात भरती करावं लागलं. देवदयेने बरे होऊन आले. पण त्या वर्षीची कापणी आणि झोडणी शेजाऱ्यांनी केली. तेव्हाच ठरवलं की या डागाबद्दल सगळ्यांना नीट सांगायचं.

डाग पडतो कसा?

ठिबकच्या नळीला टाचणीने भोक पडलं आणि नळीत पाणी चालू असलं, तर आजूबाजूची माती ओली होते. शिरेचं तसंच आहे. सुई काढल्यावर भोक बुजेपर्यंत थोडं रक्त बाहेर झिरपतं आणि कातडीखाली साकळतं. सुई शिरेच्या आरपार गेली, शीर सरकली किंवा पुन्हा पुन्हा टोचावं लागलं, तर भोकं जास्त आणि झिरपणंही जास्त. हा मुक्या मारासारखाच प्रकार आहे. हात मरत नाही, रक्तही नासत नाही.

डागाचा रंग बदलतो तो बरं होण्याचा क्रम आहे. आधी लालसर-जांभळा, मग काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा. शरीर साकळलेलं रक्त थोडं थोडं मोडून शोषून घेतं, त्यातून हे हिरवे-पिवळे रंग येतात. डाग खाली मनगटाकडे उतरलेलाही दिसतो. बहुतेक डाग दोन आठवड्यांत जातात.

"एवढं रक्त काढलं, आता अशक्तपणा येणार," असंही ऐकू येतं. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. तपासणीच्या एका नळीत दोन ते पाच मिलीलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा रक्त जातं. रक्तदान करणारा माणूस एका वेळी ३५० मिलीलिटर देतो आणि थोड्या वेळाने चालत घरी जातो. तापात जो थकवा येतो तो तापाचा असतो, नळीचा नव्हे.

सुई टोचण्यापूर्वी

१. पाणी पिऊन जा. उन्हात राबून किंवा तापाने अंगातलं पाणी आटलं की शिरा चपट्या होतात. उपाशीपोटी तपासणी असली तरी साधं पाणी चालतं. डॉक्टरांनीच पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांचं ऐका.

२. हात गार असेल तर चोळून किंवा कोमट पाण्याने ऊब द्या. पावसात भिजून गेलात तर शिरा आकसतात.

३. आधी सांगा: मागच्या वेळी कोणत्या हातात शीर चटकन सापडली, चक्कर आली होती का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. डायलिसिससाठी हातात शीर जोडली असेल किंवा स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तो हात देऊ नका.

४. चक्कर येत असेल तर आडवं पडून रक्त द्या. यात लाज कसली?

५. सुई नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी.

दोनदा टोचूनही रक्त आलं नाही, तर नम्रपणे म्हणा, "बाई, जरा दुसऱ्या कुणाला बघायला सांगता का?" दुसरा हात, पंजाच्या पाठीवरची शीर किंवा बारीक सुई असे पर्याय असतात. टोचताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ थेट बोटांपर्यंत गेली, तर ताबडतोब सांगा. सुई मज्जातंतूला लागली असू शकते. ती लगेच काढायला हवी.

सुई काढल्याबरोबर

डाग मोठा पडणार की लहान, हे बरंचसं या पाच मिनिटांत ठरतं.

कापसाचा बोळा टोचलेल्या जागी ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी घट्ट दाबा. हात सरळ ठेवा, थोडा वर उचला. सलग पाच मिनिटं दाबायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दहा मिनिटं. मध्येच बोळा उचलून "थांबलं का?" म्हणून पाहू नका.

आपण सगळे एक चूक करतो, ती म्हणजे बोळा ठेवून कोपर दुमडतो. त्याने भोकावर नीट दाब बसत नाही, आणि हात सरळ केला की पुन्हा झिरपतं. जनावरांचे डॉक्टर म्हशीच्या मानेच्या शिरेतून रक्त काढतात ते तुम्ही पाहिलं असेल. सुई काढली की ते तिथेच अंगठ्याने दाबून धरतात. जे म्हशीला, तेच आपल्याला. जागा चोळू मात्र नका.

पहिला दिवस

त्या हाताने जड काम करू नका. पाण्याची घागर, खताचं पोतं, कुदळ, फवारणीचा पंप हे सगळं उद्यावर टाका. धार काढायची असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा. टोचलेल्या जागेवर पट्टी ठेवा आणि तो हात चिखलात घालू नका.

सूज किंवा ठणका असेल तर गार शेक द्या. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा. मग तासभर थांबून पुन्हा. बर्फ नुसता कातडीवर ठेवू नका. बर्फ नसला तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकंही चालतं. बसताना, झोपताना हात उशीवर जरा उंच ठेवा.

दुखणं सोसवत नसेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅमची एक गोळी घ्यावी. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसात चारपेक्षा जास्त नकोत. तापासाठी हीच गोळी चालू असेल तर ती याच हिशेबात धरा. कावीळ, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन दुकानातून आपल्या मनाने आणू नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि पावसाळी तापात ती जोखीम नको. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून

सूज थांबली की कोमट शेक द्या. कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. ऊन किती आहे ते आधी चांगल्या हाताला लावून पाहा. बोटं, मनगट, कोपर हळूहळू हलवत राहा. दुखणं बेताचं असेल तर नेहमीची कामं सुरू करा.

हे करू नका

● डागाला तेल लावून रगडू नका. बुजलेलं भोक पुन्हा उघडतं.
● टोचलेल्या जागी चुना, तंबाखू, शेण, राख लावू नका. जंतू आत जातात.
● हळदीचा जाड लेप थापू नका. खाली लाली वाढली, पू झाला तरी दिसत नाही.
● गोठ्यातलं जनावरांचं मलम माणसाला लावू नका.
● साकळलेलं रक्त काढायला सुईने किंवा ब्लेडने टोचू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावं?

खालीलपैकी काहीही दिसलं तर थांबू नका:

१. दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, किंवा गाठ बघता बघता वाढते.
२. बोटं गार, फिकी किंवा निळी पडतात, मुंग्या जात नाहीत, मूठ आवळत नाही.
३. जागा लाल आणि गरम होते, पू येतो, किंवा लाल रेघ वर चढते.
४. दोन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, किंवा शीर दोरीसारखी कडक लागते.
५. दोन आठवड्यांनंतरही डाग तसाच आहे.
६. सुई न टोचलेल्या जागीही डाग उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, लघवी किंवा शौचातून रक्त जातं. हा दोष सुईचा नाही. रक्त गोठण्याची शक्ती कमी झाल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा.

आणि पुन्हा रक्त द्यायची वेळ आली तर?

जा. काळा पडलेला हात पुढे करू नका, दुसरा करा. पहिल्या वेळी काय झालं ते आधीच सांगा. पाणी पिऊन जा, आणि या वेळी कोपर न दुमडता बोळा दाबून धरा. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एवढंच केलं. एका टोचणीत रक्त आलं आणि डाग पडला तो तुरीच्या दाण्याएवढा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पत्रक वाचून दाखवा. त्यांची कातडी पातळ, शिरा नाजूक, म्हणून डाग त्यांना लवकर पडतो आणि भीतीही त्यांनाच जास्त. दुसऱ्या तपासणीला त्यांना एकटं पाठवू नका. कुणीतरी सोबत जा आणि ती पाच मिनिटं बोळा तुम्ही धरा.

लक्षात ठेवा: पाणी पिऊन जा. हात सरळ, पाच मिनिटं दाब. पहिल्या दिवशी गार शेक, नंतर कोमट. चोळू नका, जड उचलू नका. आणि डाग पडला म्हणून दुसरी तपासणी चुकवू नका.